अनुस्वार आरपार

आमच्या घराला नाव होतं, पण दाराला पाटी नव्हती. नाव 'निवांत'. ते ठेवलं तेव्हा कर्जाचे हप्ते चालू होते, त्यामुळे ते वर्णन नव्हतं, नवस होता. पुढे हप्ते फिटले, मुलगी नोकरीला लागली, मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो, आणि एका दुपारी कुरिअरवाल्या पोरानं खालून फोन केला, "काका, निवांत कुठे आहे?" मी खिडकीत उभा राहून हात हलवला. त्यानं समोरच्या इमारतीत पार्सल दिलं. त्या संध्याकाळी हिनं जाहीर केलं की पाटी झालीच पाहिजे.

बाजारात सांगितली असती तर चार दिवसांत आली असती. पण निवृत्त माणसाला चार दिवसांत होणारं काम परवडत नाही. त्यातून शेजारच्या मुलानं सांगितलं, "काका, आमच्या वर्कशॉपमध्ये या. सीएनसी मिलिंग मशीन आहे. स्वतः करा की!" 'स्वतः करा' हे दोन शब्द मी नोकरीत बत्तीस वर्षं कटाक्षानं टाळले होते. आता म्हटलं, बघू.

हे वर्कशॉप म्हणजे सामायिक कार्यशाळा. महिन्याची वर्गणी भरायची आणि तिथली यंत्रं वापरायची. तत्त्व सार्वजनिक वाचनालयाचंच, फरक इतकाच की वाचनालयात पुस्तक चुकीच्या पानावर उघडलं तर बोट जात नाही. हा प्रकार आपल्याकडे तसा नवा नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि हातानं करत शिकायची शाळा सुरू केली. अमेरिकेतल्या एमआयटीतून अशाच कार्यशाळांची, म्हणजे फॅब लॅबची, कल्पना निघाली, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ साली उभी राहिली ती याच पाबळला. म्हणजे बॉस्टनहून निघालेली गोष्ट पुण्याच्या आधी पाबळला पोचली. पुणेकरांनी हे मनाला लावून घेतलेलं नाही, कारण मुळात त्यांना ते मान्यच नाही.

वर्कशॉप पुण्यातलं, हे दारातच कळतं. आत पाऊल टाकलं की यंत्रं नंतर दिसतात, आधी पाट्या दिसतात. "आपण घाईत असाल तर आधी घाई उरकून या." "धातूच्या चिप्स हातानं उचलू नयेत. ब्रश ४५ रुपयांचा आहे. बोटाचा भाव अजून मिळालेला नाही." "मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नये. चहा थांबतो." आणि लाल बटणाच्या वर, बाणासकट: "हे बटण शोभेचं नाही. त्यावर पिशवी अडकवू नये." शहरभर पसरलेल्या पुणेरी पाट्यांत अपमान मोफत असतो. इथल्या पाट्यांत त्याला काहीतरी कारण असावं अशी मला शंका आली, पण ती लगेच गेली.

शिकवायला मास्तर होते. आयटीआयचे मशिनिस्ट, भोसरीच्या कारखान्यांत चौतीस वर्षं मिलिंगवर काढलेली. पहिल्या भेटीत लोक नमस्कार करतात किंवा कार्ड देतात. मास्तरांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले आणि दहाही बोटं हलवून दाखवली. "हे माझं सर्टिफिकेट. तुमचं दाखवा." मी दाखवलं. "ठीक आहे. जाताना परत मोजू."

सुरक्षा म्हणजे काहीतरी अंगावर चढवणं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. आमच्या घरी आकाशात ढग आला की कानटोपी निघायची. त्यामुळे मी तयारीनं गेलो होतो. नवे कोरे, जाड चामड्याचे हातमोजे. मास्तरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "काढा."

"पण सुरक्षेसाठी..."

"फिरत्या टूलनं कातडीला धरलं तर कातडी फाटते. मोज्याला धरलं तर मोजा फाटत नाही, तो हाताला घेऊन आत जातो. टूल बदलताना धारेला हात लागतो, तेव्हा जाड फडकं घ्या. पण टूल धरणारं स्पिंडल फिरतंय तोवर मोजा नाही."

मग घड्याळ काढायला लावलं. मग मनगटावरचा गंडा. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, शर्टाची टोकं आत खोचलेली, गळ्यात अडकवलेलं वर्गणीचं ओळखपत्र खिशात. मग त्यांची नजर अंगठीवर गेली. लग्नातली अंगठी. गेल्या कित्येक वर्षांत ती निघाली नव्हती, कारण मधल्या काळात बोटानं प्रगती केली होती. नळाखाली साबण लावून निघाली. घरी हे कळल्यावर ही म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा निघत नव्हती, मशीननं सांगितल्यावर निघाली." एवढं सगळं उतरवून मी सोवळ्यातल्या माणसासारखा अंग चोरून उभा राहिलो, तेव्हा कुठे मास्तरांनी चढवायला एक वस्तू दिली. गॉगल. माझ्या चष्म्यावर तो बसेना. चष्म्यावर चष्मा घालून मी आरशात पाहिलं तर पाणबुड्याच्या वडिलांसारखा दिसत होतो. "चष्मा आहे की माझा," मी म्हटलं. "तो वाचण्यासाठी आहे," मास्तर म्हणाले, "हा वाचण्यासाठी आहे." दोन 'वाचण्यांत' फरक आहे, हे कळायला मला पुढे एक महिना लागला.

लोंबत्या वस्तूंवर मास्तरांचा एवढा राग का, हे इतर सभासदांनी सांगितलं. एका खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. पान्हे, कानशी, ड्रिल, सगळ्यांना हळदकुंकू. कुणा भाविकानं झेंडूची माळ थेट स्पिंडलच्या गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं लुटायच्या उत्साहात कुणी तरी मशीन तपासायला म्हणून स्पिंडल सुरू केलं. पुढे जे झालं त्याला पुष्पवृष्टी म्हणतात. फुलं छतापर्यंत गेली, आणि माळेचा दोरा टूलभोवती असा आवळला गेला की ब्लेडनं कापून काढावा लागला. तेव्हापासून मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप लावून, किल्ली मास्तरांच्या खिशात गेल्यावरच पूजा होते. फूल एकच वाहायचं, कंट्रोल पॅनलवर, देठाशिवाय.

नंतर यंत्राची ओळख. वास्तविक हे यंत्र माझ्याहून थोरलं. म्हणजे जात थोरली. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स नावाच्या अमेरिकन कारखानदाराच्या कल्पनेतून एमआयटीत हे काम सुरू झालं, आणि १९५२ साली तिथे मिलिंग मशीन भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरचे हुकूम वाचून चालताना लोकांनी पाहिलं. पट्टी गेली, संगणक आला, पण यंत्राचा स्वभाव पालटला नाही. सांगितलेलं करायचं. मनातलं करायचं नाही.

इथे माझी खरी अडचण झाली. माझं सगळं आयुष्य मनातलं ओळखणाऱ्या माणसांच्या भरवशावर गेलं आहे. "अगं, ते जरा हे कर ना," असं मी म्हटलं की ही गॅस बारीक करते. "त्याचं ते कुठे गेलं?" म्हटलं की स्टुलावर चढून माळ्यावरून पंप काढून देते. कचेरीत तर मी हजारो फायलींवर "योग्य ती कार्यवाही व्हावी" असा शेरा मारला, आणि कुठे ना कुठे, कुणी ना कुणी, काही ना काही केलं. यंत्रापुढे असा शेरा मारून चालत नाही. तिथे जी०० म्हटलं की यंत्र सांगितलेल्या ठिकाणी अंगातल्या पूर्ण वेगानं जातं, वाटेत कोण उभं आहे ते पाहत नाही. जी०१ म्हटलं की नेमून दिलेल्या वेगानं कापत जातं. एम०३ म्हणजे स्पिंडल फिरव, एम०५ म्हणजे थांबव, एम३० म्हणजे संपलं. 'जरा', 'साधारण', 'तिथेच कुठेतरी', 'बघून घे' यांना कोडच नाही. मराठी संसाराचं व्याकरणच त्या यंत्रात नाही.

त्यातून टिंबाचा छळ. काही कंट्रोलवर 'एक्स १०.' असं टिंब देऊन लिहिलं तर यंत्र दहा मिलिमीटर सरकतं, आणि टिंब न देता 'एक्स १०' लिहिलं तर दहा मायक्रॉन. हजारपटींचा फरक, एका टिंबात! मास्तर म्हणाले, "तुम्ही लिहिणारे लोक. टिंबाचं महत्त्व तुम्हाला काय सांगायचं?" मी मान डोलावली. खरं म्हणजे कचेरीत माझी टिंबं टायपिस्ट देत असे.

सामायिक यंत्राचा आणखी एक धोका आहे, तो घरच्या यंत्राला नाही. आधीच्या माणसाचं शून्य. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, टेबलावर बांधला की यंत्राला सांगावं लागतं, बाबा रे, या जॉबचा हा कोपरा आणि हा वरचा पृष्ठभाग म्हणजे शून्य, इथून मोजायला लाग. हे शून्य यंत्र लक्षात ठेवतं, वीज गेली तरी. माणूस घरी जातो, जॉब घरी जातो, शून्य तिथेच राहतं, एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखं. आधीच्या सभासदानं पातळ पत्र्यावर शून्य लावलेलं असेल आणि तुम्ही वर चार बोटं जाड ठोकळा बांधला, तर यंत्राच्या लेखी तो ठोकळा अस्तित्वातच नाही. ते त्याच्या आरपार जायला निघतं, वेदान्त्यासारखं. टूलच्या लांबीचंही तेच. तुम्ही टूल बदललं, पण त्याची लांबी नव्यानं लावली नाही, तर यंत्र जुन्याच टूलच्या आठवणीत खाली येतं. म्हणून मास्तरांचा पहिला नियम: दुसऱ्याचं शून्य आपलं समजू नये.

शून्य लावायची एक जुनी पद्धत मला फार आवडली. स्पिंडल बंद ठेवायचं, जॉबवर साधा कागद ठेवायचा आणि टूल शतांश मिलिमीटरच्या टप्प्यानं खाली आणत कागद बोटानं हलवत राहायचा. कागद सरकेनासा झाला की थांबायचं. टूल आता जॉबपासून कागदाच्या जाडीइतकं, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं वर आहे. बाकीचे नवशिके यात दोनदा-तीनदा चुकले. माझं पहिल्याच खेपेला जमलं. मास्तरांना आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, "कागद अडकवण्यात माझा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे."

जॉब बांधणं हेही एक शास्त्र आहे. माझी पाटी चार मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची. तिच्याखाली एमडीएफची फळी. त्या फळीचं काम एकच, टूल चुकून खोल गेलं तर स्वतः कापलं जायचं आणि टेबल वाचवायचं. एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखी ती असते; नाव कुणी घेत नाही, वळ तिच्याच पाठीवर. वरून क्लॅम्प. मास्तर बांधलेल्या जॉबवर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकतात, कलिंगड घेतल्यासारखे. "हा बोलतोय," म्हणाले की परत आवळायचं. बांधलेला जॉब 'बोलता' कामा नये. मग क्लॅम्प टूलच्या वाटेत तर येत नाही ना, हे पाहायचं. जी०० ला वाट दिसत नाही, वाट तुम्हाला दिसावी लागते.

वेगाचा हिशेब मास्तरांनी फळ्यावर मांडला. टूलची धार मिनिटाला साधारण शंभर मीटर कापत जायला हवी असेल, तर दहा मिलिमीटरचं टूल मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे फिरवायचं. टूल बारीक होत जाईल तसे फेरे वाढत जातात. तेवढ्यात एका उत्साही पोरानं विचारलं, "मास्तर, पण काही झालंच तर लाल बटण आहे ना?" मास्तर फळ्याकडे वळले. "एखाद्या मशीनचा जी०० चा वेग मिनिटाला १५ मीटर धर. सेकंदाला किती?" पोरगा म्हणाला, "२५ सेंटीमीटर." "तुझे डोळे बघणार, डोकं घाबरणार, हात हलणार, याला पाव सेकंद. तेवढ्यात टूल सहा सेंटीमीटर गेलं. पुढे मशीन थांबायला वेळ लागतो तो वेगळा. लाल बटण पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं परत आणत नाही." मग ड्राय रन समजावला. टूल जॉबच्या बरंच वर धरून सगळा कार्यक्रम हवेत चालवायचा. वेगाचं बटण खाली आणायचं, एकेक ओळ बघत, बोट थांबवायच्या बटणावर ठेवून. "पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत," मास्तर म्हणाले. नंतर कळलं, ते अलंकारिक बोलत नव्हते.

पाटीवरची अक्षरं कॉम्प्युटरवर काढायला कॉलेजातली एक मुलगी मदतीला होती. 'निवांत' टाईप केलं तर सॉफ्टवेअरनं ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या मागे उभी केली आणि अनुस्वार गिळून टाकला. देवनागरी त्याला झेपेना. तिनं अक्षरांच्या बाह्यरेषा दुसरीकडून करून आणल्या, वेलांटी जागेवर आली. अनुस्वार मात्र येईना. "काका, एकच टिंब आहे, हातानं टाकू. 'वा'च्या डोक्यावर जायचं, अर्धा मिलिमीटर खाली, परत वर." मी म्हटलं, "थांब, हे मी लिहितो." आयुष्यात पहिल्यांदा मी यंत्राला मराठी शिकवणार होतो. लिहिलं. खाली जाण्यासाठी झेड उणे शून्य पूर्णांक पाच लिहायचं होतं. शून्य आणि त्यापुढचं टिंब बोटांत कुठेतरी राहिलं. लिहिलं गेलं, झेड उणे पाच. आमचं यंत्र बिनटिंबाचा आकडाही मिलिमीटरच धरतं.

ड्राय रन केला. हवेत 'नि' झाला. 'वा' झाला. सुरेख दिसत होतं, म्हणजे काहीच दिसत नव्हतं, पण डौल होता. 'त' सुरू झाला आणि चहा आला. पाटी माझ्यासमोरच होती: चहा थांबतो. पण त्या दिवशी आल्याचा होता. 'त' पूर्ण होताना पाहिला आणि वळलो. शेवटच्या एका टिंबासाठी कोण थांबतो?

मग खरा कट. समोर पारदर्शक आडोसा होता, पण मला अक्षरं नीट दिसेनात, म्हणून मी जरा बाजूला सरकून वाकलो. गॉगल चष्म्यावर होता, कुरकुरत का होईना. 'नि' कोरला गेला. 'वा'. 'त'. चकचकीत चिप्स उडत होत्या, मी ब्रश सरसावून थांबलो होतो, कारण फुंकर मारायची नाही आणि हवेच्या नळीनं तर मुळीच उडवायच्या नाहीत, त्या डोळ्यांचा पत्ता बरोबर शोधतात. टूल वर उठलं, डौलानं 'वा'च्या डोक्यावर आलं आणि खाली निघालं. वेग मिनिटाला ३०० मिलिमीटर लावलेला होता. पाच मिलिमीटरला बरोबर एक सेकंद. तो सेकंद मी "अरे, अरे!" म्हणण्यात घालवला.

यंत्राला 'अरे' कळत नाही. चार मिलिमीटर ॲल्युमिनियम, एक मिलिमीटर मधला भाऊ. एवढं खोल जायला न जन्मलेलं ते नाजूक टूल किंचाळलं आणि मोडलं. त्याच क्षणी माझ्या डाव्या डोळ्यासमोर काहीतरी 'टक्' वाजलं. मग मी लाल बटण दाबलं. मास्तर कुठूनसे आले, माझा पुढे चाललेला हात मागे धरला आणि स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत सोडला नाही.

गॉगलच्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, बारीक खळगा पडला होता. साधारण अनुस्वाराएवढा.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी माझे पंजे हातात घेतले, उलटसुलट करून दहा बोटं मोजली आणि कपाटातून एक वही काढली. वर लिहिलं होतं, "थोडक्यात वाचलेले." त्यात सगळ्यांच्या चुका आहेत. जी०० च्या आड आलेला क्लॅम्प आहे, दुसऱ्याचं शून्य आहे, झेंडूची माळही आहे. नावं नाहीत, फक्त तारीख, काय झालं आणि पुढे काय करायचं. "लिहा," म्हणाले. मी लिहिलं: "टिंब राहिले. ड्राय रन शेवटपर्यंत पाहिला नाही. सबब," इथे पेन अडकलं. पुढे सवयीनं "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं येणार होतं. ते खोडून लिहिलं, "यापुढे शेवटच्या टिंबापर्यंत थांबणे."

वही मिटता मिटता मास्तर म्हणाले, "भोसरीत माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. तुमच्यासारखेच मोजे घालायचा. नवे." पुढे काही बोलले नाहीत. मी भिंतीवरच्या पाट्या पुन्हा वाचल्या. तितक्या उद्धट वाटल्या नाहीत.

दुसरी पाटी मी आठवडाभर घेऊन केली. ड्राय रनला दोन चहा गार झाले. ती आता आमच्या दारावर आहे. अनुस्वार अर्धाच मिलिमीटर खोल आहे आणि कुरिअरवाला अजूनही समोरच्या इमारतीत जातो.

पहिली पाटी मी भंगारात टाकणार होतो. मास्तरांनी ठेवून घेतली. त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला आणि पाटी अनुस्वारातून खिळ्याला अडकवली. बरोबर मशीनच्या वर. 'निवांत'. तिथली ती एकमेव पाटी, जिच्यात कुणाचा अपमान नाही. माझा सोडून. पण अनुस्वार पाटीच्या मधोमध नाही, त्यामुळे ती एका बाजूला कलून लटकते. परवा राहवलं नाही, सरळ करायला हात पुढे केला, तर मागून आवाज आला:

"आधी मशीन बंद आहे का बघा."